खंजिरीवाला

‘लोकांचा गायक’ हा विषय संपादकांनी दिला, की महाराष्ट्रातला लेखक कुठे वळणार हे जवळपास ठरलेलं असतं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप. या यादीत तुकडोजी महाराजांचं नाव सहसा नसतं. त्यांचं नाव संतांच्या यादीत जातं, विद्यापीठाच्या पाटीवर असतं, ग्रामस्वच्छतेच्या भाषणात असतं. गायक आणि गीतकार म्हणून त्यांच्याकडे पाहायचं राहून जातं. आणि हे अशा माणसाच्या बाबतीत, ज्याच्या प्रत्येक तसबिरीत हातात खंजिरी आहे.

म्हणून या लेखासाठी मी त्यांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीला गेलो, त्यांचं बालपण गेलं त्या यावली-वरखेडच्या रस्त्याने फिरलो, आणि हिवाळ्यात वऱ्हाडातल्या भजनस्पर्धांच्या मांडवांत बसलो. महाराजांच्या चमत्कारकथा गोळा करणं हा हेतू नव्हता. मला एवढंच पाहायचं होतं की 1968 साली गेलेल्या माणसाची गाणी गावोगाव कुणाच्याही अनुदानाविना, एकाही प्रसिद्ध गायकाविना अजून रोज कशी गायली जातात. गाणं टिकतं ते चांगलं असतं म्हणून, असं आपण सहज म्हणतो. मोझरीच्या आसपास फिरल्यावर हे उत्तर फार अपुरं वाटू लागतं.

हातातला ठेका

खंजिरी म्हणजे लाकडी कडं, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या झांजांच्या चकत्या. डाव्या हाताने कडं धरायचं, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचं. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी ते शेकोटीजवळ धरून तापवतात. आता कृत्रिम पडद्याच्याही खंजिऱ्या मिळतात, त्यांना शेक लागत नाही. जुने भजनी त्यांना नावं ठेवतात आणि पावसाळ्यात गुपचूप वापरतात.

वाद्य स्वस्त आहे, पिशवीत मावतं, दुरुस्तीला शहरात न्यावं लागत नाही. पण खरी गोम वेगळी आहे. खंजिरी भजनात मुख्य गायकच खंजिरी वाजवतो. पेटी आणि तबला बाजूला असतात, पण ताल गाणाऱ्याच्या स्वतःच्या हातात असतो. त्यामुळे तो ओळीच्या मधोमध थांबू शकतो, लोकांकडे पाहून दोन वाक्यं बोलू शकतो, कुणाची तरी फिरकी घेऊ शकतो आणि चार बोटांच्या थापेने पुन्हा गाण्यात शिरू शकतो. तबलजीला खूण करायची गरज नाही. गाणं आणि भाषण यांच्यातला सांधा असा हातातच राहतो. ज्या माणसाला गाता गाता गावाला दारू सोडायला सांगायचं आहे, नाल्या साफ करायला लावायचं आहे, त्याला याहून सोयीचं वाद्य सापडणं कठीण.

मागे बसलेले लोक ओळ उचलतात. मुख्य गायक एकदा म्हणतो, मागचे दोनदा म्हणतात. तिसऱ्या कडव्यापर्यंत मांडवातले श्रोतेही म्हणू लागतात. महाराजांच्या रचनांचं धृपद बहुधा छोटं, एका दमात म्हणता येईल एवढंच असतं, आणि ते उगाच नाही. पाठांतर नसलेल्या माणसालाही दुसऱ्या फेरीत सामील होता यावं असं ते बेतलेलं आहे. कागदावर वाचताना यातली काही गाणी साधी, कधी कधी तर सपाट वाटतात. मांडवात ऐकली की कळतं, की उरलेली जागा मागच्यांसाठी सोडलेली आहे.

यावलीचा माणिक

30 एप्रिल 1909 रोजी अमरावतीजवळच्या यावली गावी बंडोजी आणि मंजुळाबाई इंगळे यांच्या पोटी मुलगा झाला. नाव माणिक. घर गरीब. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. भजनाचा नाद मात्र लहानपणीच लागला, आणि आजोळ वरखेडला अडकोजी महाराज होते. पोराला त्यांनी जवळ केलं, आणि पुढे ज्या नावाने तो ओळखला गेला ते ‘तुकड्या’ हे नावही त्यांच्याकडूनच मिळालं. संतकवींची जुनी रीत अशी, की शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. या मुलाला नाममुद्रा रचनांच्या आधीच मिळाली.

1921 साली अडकोजी महाराज गेले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. पुढची काही वर्षं तो घरात टिकला नाही. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडची रामदिघी आणि गोंदोडा अशा जंगल-डोंगरांत हिंडला. गोंदोड्याची गुहा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते आणि तिथे यात्रा भरते. भक्त या काळाबद्दल साक्षात्काराच्या भाषेत बोलतात. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा सगळा मुलूख तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. राजधानी नागपूर, प्रांताच्या भाषा दोन, मराठी आणि हिंदी. सालबर्डी सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या मध्य प्रदेशाच्या अगदी सीमेवर. मेळघाटात कोरकू, चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, गोंड, बाजारात वऱ्हाडी आणि हिंदी एकमेकांत मिसळलेल्या. या मुलुखात हिंडणारा गायक एकाच भाषेत गाऊच शकत नव्हता.

तुकडोजी महाराजांनी मराठीइतक्याच सहजपणे हिंदीत लिहिलं ते त्यामुळे. त्यांची हिंदी वाराणसीची नाही. ती नागपूरच्या स्टेशनवर, जिनिंग फॅक्टरीत, आठवडी बाजारात ऐकू येणारी हिंदी आहे. व्याकरणाचे शिक्षक तिला टोकतील. पण तीच हिंदी त्यांना पुढे दिल्लीपर्यंत घेऊन गेली, आणि पुण्या-मुंबईच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून थोडं बाहेरही ठेवून गेली. आपल्याकडे मराठी संतकवीने मराठीतच लिहिलेलं बरं असतं. हिंदीत लिहिलं की दोन्हीकडचे त्याला पाहुणा समजतात.

चाल कुणाची, शब्द कुणाचे

महाराजांच्या जुन्या भजनावल्या चाळल्या, की गाण्याच्या वर बारीक अक्षरांत ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ लिहिलेली दिसते. म्हणजे हे भजन अमक्या प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर म्हणावं. शास्त्रीय संगीतातले लोक याला नाक मुरडतात. उसनी चाल म्हणजे कमी प्रतीचं काम, असा एक समज आपल्याकडे आहे.

पण छापील पुस्तकातून गाणं पसरवायचं असेल तर करायचं काय? स्वरलिपी गावात कुणाला वाचता येत नाही. ध्वनिमुद्रिका तेव्हा श्रीमंताच्या घरात. अशा वेळी गावाला आधीच पाठ असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर नवे शब्द बसवायचे, हा सर्वांत शहाणा मार्ग होता. चार आण्याचं पुस्तक जत्रेत घ्यायचं, त्याच रात्री देवळात बसून गायचं. शिकवायला कुणी यावं लागत नाही. वासुदेव, भारुडकार आणि तमाशातले शाहीर हेच करत आले. महाराजांनी तेच संघटितपणे केलं.

विषयांची यादी केली तर ती एखाद्या तालुका पंचायतीच्या कामकाजासारखी दिसते. देव आहे, गुरू आहे, वैराग्य आहे. त्यासोबत गावची विहीर आहे, हुंडा आहे, अस्पृश्यता आहे, बुवाबाजी आहे, देशासाठी उभं राहणं आहे. राजाच्या महालापेक्षा आपली झोपडी बरी असं सांगणारं त्यांचं गाणं शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्रभर पोचलं, इतकं की ते कुणाचं आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. लोकगीतकाराच्या वाट्याला येणारी सर्वांत मोठी पावती हीच. मनात भाव नसताना देवाने पावावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्या भक्ताची त्यांनी उडवलेली टर तर लग्नाच्या बॅंडपर्यंत गेली आहे.

टर उडवण्याचा हा गुण त्यांच्या तसबिरीमुळे झाकला जातो. गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांना उलटे प्रश्न विचारून कोंडीत पकडायचे, तुकडोजी महाराज ओळीच्या शेवटी चिमटा काढायचे. दोघे एकाच मुलुखातले, एकाच काळातले, वयात तेहतीस वर्षांचं अंतर. एकाच्या हातात खराटा आणि एकाच्या हातात खंजिरी, अशी चित्रं आता वऱ्हाडातल्या शाळांच्या भिंतींवर शेजारी-शेजारी रंगवलेली असतात.

सालबर्डी, सेगाव, चिमूर

1935 साली सालबर्डीला महाराजांनी मोठा यज्ञ केला. लाखो लोक आले असं सगळे सांगतात. पंचविशीतल्या एका भजनीबुवाने जंगलातल्या एवढ्याशा ठिकाणी ही गर्दी जमवली, आणि त्यानंतर त्यांचं आयुष्य बदललं. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. भटका गायक आता एका पत्त्यावर सापडू लागला. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेगावला बोलावून घेतलं, ज्या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. तिथे ते महिनाभराच्या आसपास राहिले. त्यांचं भजन ऐकून मौनवाराच्या दिवशी गांधीजी ‘पुन्हा म्हणा’ असं बोलून गेले, ही कथा गुरुकुंजात आजही सांगतात. कथा खरी असो वा रंगवलेली, सेगावच्या मुक्कामानंतर महाराजांच्या भजनात चरखा, सफाई आणि ग्रामोद्योग ठळकपणे दिसू लागतात.

आणि मग 1942, ‘चले जाव’ चळवळीचं वर्ष. चिमूर हे महाराजांचं तरुणपणापासूनचं गाव. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या भागात त्यांची भजनं झाली होती. त्यातल्या एका भजनात झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील आणि भक्तांची सेना होईल अशी कल्पना होती. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या सुमारास, चिमूरला मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला, आणि संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीला पोलीस ठाण्यावर चालून गेलेले लोक गोळ्यांना बळी पडले. पुढे चिमुरात फौज घुसली आणि तिने बायकांवर केलेले अत्याचार ऐकून गांधीजींच्या आश्रमातले प्रा. भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केलं.

सरकारने ऑगस्टअखेरीस महाराजांना चांद्याला अटक केली. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरात सोडलं. गाणं म्हटल्याबद्दल तुरुंगात जाणारे शाहीर महाराष्ट्राला नवे नाहीत. पण हे गाणं भजन होतं. देवळात, टाळ-खंजिरीवर, जय म्हणत गायलेलं. त्या चळवळीच्या गर्दीत सभा बंद करता येत होत्या, वर्तमानपत्रं बंद करता येत होती, भजन बंद कसं करायचं हे सरकारला कळत नव्हतं. म्हणून गाणाराच उचलला. या प्रसंगाची मांडणी करताना आजचे वक्ते महाराजांना सरळ क्रांतिकारकांच्या रांगेत बसवतात. मला ते थोडं घाईचं वाटतं. त्यांच्या भजनातली रूपकं आणि जमावाने केलेली हिंसा यांच्यात सरळ रेघ ओढणं हे तेव्हाच्या पोलिसांचं काम होतं. आपण ते आज अभिमानाने पुढे चालवायची गरज नाही.

मोझरीची संध्याकाळ

अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात मोझरी लागते. महामार्ग गुरुकुंजाला चिकटून जातो. ट्रकांचा आवाज थांबत नाही. दुकानांत खंजिऱ्या टांगलेल्या, भगव्या टोप्या, ग्रामगीतेच्या प्रती, महाराजांचे फोटो असलेले किचेन. तीर्थक्षेत्राच्या बाजारात जे असतं ते सगळं, फक्त प्रसादाचे पेढे आणि नारळ यांचा सुळसुळाट त्या मानाने कमी.

संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला लोक रांगेत, ताठ पाठीने बसतात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. समोर एक आसन आहे, गादी-तक्क्याचं. त्यावर मूर्ती नाही. याला अधिष्ठान म्हणतात. ज्याने त्याने आपापला देव तिथे मानून घ्यावा अशी व्यवस्था. प्रार्थना बरीचशी हिंदीत आहे, चाल सोपी आहे, त्यात निरनिराळ्या धर्मांच्या देव-प्रेषितांची नावं एका ओळीत येतात. शेवटी जयघोष होतो. सकाळी सामुदायिक ध्यान, मग रामधून, म्हणजे गावातून गात फिरणं आणि फिरता फिरता सफाई. हे चक्र मोझरीत चालतं आणि श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शेकडो गावांतल्या शाखांतही चालतं. ज्या गावात देऊळ एका जातीचं मानलं जायचं तिथेही ओट्यावरच्या प्रार्थनेला सगळ्यांना एका सतरंजीवर बसावं लागलं. निदान प्रार्थनेपुरतं.

माझ्या मते महाराजांची सर्वांत मोठी रचना ही प्रार्थनाच. एरवी गीतकार गाणं लिहितो आणि ते गायलं जावं म्हणून गायकाची, मैफिलीची, नशिबाची वाट पाहतो. महाराजांनी गाण्यासोबत वेळ ठरवून दिली, बसायची पद्धत ठरवून दिली, कोण कुठे बसेल ते ठरवलं, टोपीचा रंगही ठरवला. 1943 पासून मंडळ उभं राहिलं, ‘श्रीगुरुदेव’ मासिक निघालं, छापखाना आला. म्हणजे गाणं, गाणारे आणि ऐकणारे, तिन्हींची सोय झाली. सेवकांनी एकमेकांना भेटताना ‘जयगुरु’ म्हणायचं, एवढं लहानसं कामही नेमून दिलेलं आहे. कुणाला यात शिस्तीचा अतिरेक वाटेल. मलाही रांगा फार सरळ दिसल्या की थोडं अवघडल्यासारखं होतं. पण ज्या गायकांनी कसलीच व्यवस्था मागे ठेवली नाही त्यांची गाणी आज विद्यापीठाच्या प्रबंधांत शोधावी लागतात, हेही खरं आहे.

ओव्यांतलं गाव

1955 साल महाराजांच्या कारकिर्दीत मोठं. त्या वर्षी ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले आणि खंजिरी तिथेही वाजली. त्याच वर्षी ग्रामगीता पूर्ण झाली. 41 अध्याय, 4675 ओव्या. तिच्या घडणीत आणि संपादनात सुदामदादा सावरकरांचे कष्ट मोठे आहेत, आणि मोझरीत हे नाव आदराने घेतलं जातं.

ग्रामगीता देवघरात ठेवायचा ग्रंथ झाली आहे, पण ती उघडली की आत वेगळंच काही सापडतं. ग्रामसफाई, ग्रामआरोग्य, ग्रामशिक्षण, महिलोन्नती, लग्नातला खर्च, अंत्यसंस्कार, यात्रा-मेळे. संडासापासून मोक्षापर्यंत सगळं एकाच छंदात. एक अध्याय तर भजनाच्या परिणामावरच आहे. तो मी स्पर्धेच्या मांडवातून आल्यावर पुन्हा वाचला. केवळ आवाज लावून, टाळ कुटून भागणार नाही, गाणाऱ्याचं वागणं गाण्याशी जुळलं पाहिजे, असा त्याचा रोख आहे. म्हणजे स्वतःच्या कलेची मर्यादा या गायकाला नेमकी ठाऊक होती.

ओवी त्यांनी का निवडली हे समजायला गावात पोथी कशी वाचतात ते पाहावं लागतं. एक जण वाचतो, चार जण ऐकतात, मधूनमधून वाचणारा थांबून अर्थ सांगतो. ओवी लांबते, आखडते, तिला ताल सांभाळावा लागत नाही. खंजिरीचं गाणं रात्री मांडवासाठी, ओवी दुपारी ओट्यासाठी. ग्रामगीतेवर परीक्षा होतात, आणि विदर्भात नावापुढे ‘ग्रामगीताचार्य’ लावणारी माणसं भेटतात, त्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ. काहींनी ग्रंथ परीक्षेपुरता ठेवला नाही. गीताचार्य तुकारामदादांनी ब्रह्मपुरीकडे अड्याळ टेकडीवर श्रमाचं आणि ग्रामसभेचं काम उभं केलं, तेही याच पोथीच्या जोरावर. तेराव्याचं जेवण न घालता प्रार्थना करून दुखवटा संपवणारी घरंही मला या पट्ट्यात भेटली. कर्जात बुडालेल्या घराला तेरावं न घालण्याची परवानगी समाजाकडून मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती परवानगी एका गीतकाराच्या ओव्यांनी मिळवून दिलेली आहे.

दिल्लीनेही त्यांचा मान केला. राजेंद्रप्रसादांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं, 1956 मध्ये भारत साधू समाजाचं अध्यक्षपद आलं, चीन आणि पाकिस्तानच्या युद्धांच्या वेळी ते जवानांसमोर गायले. या सगळ्याचे फोटो आश्रमात आहेत. ते पाहताना मला वाटत राहिलं की ‘राष्ट्रसंत’ या पदवीने त्यांचं जेवढं भलं केलं तेवढंच नुकसानही केलं. पदवी मिळाली की माणूस पुतळ्याच्या उंचीवर जातो, आणि पुतळ्याच्या गाण्याची कुणी समीक्षा करत नाही. नागपूर विद्यापीठाला 2005 साली त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्या छंदांवर, चालींवर, हिंदी-मराठीच्या सरमिसळीवर जेवढा अभ्यास व्हायला हवा तेवढा मात्र अजून व्हायचा आहे.

चार वाजून अठ्ठावन्न

महाराजांना कर्करोग झाला. 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी ते गुरुकुंजात गेले. तिथी आश्विन वद्य पंचमी, म्हणजे दिवाळी तोंडावर. दरवर्षी त्या तिथीला लाखो लोक मोझरीत येतात आणि त्या मिनिटाला जिथे असतील तिथे स्तब्ध होतात.

हे दिवस शेतकऱ्याच्या फार धावपळीचे. सोयाबीन निघत असतं, कापसाची बोंडं फुटत असतात, परतीच्या पावसाची धास्ती असते. तरी लोक येतात. पायी दिंड्या येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका येतात, सोबत भाकरी आणि ठेचा. दिवसभर लाऊडस्पीकर, भाषणं, भजनं, हरवलेल्या मुलांच्या घोषणा. मग वेळ जवळ येते आणि लाऊडस्पीकर बंद होतो. एवढा मोठा जमाव गप्प बसवायला बाकी ठिकाणी पोलीस लागतात. मौन संपलं की वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. दुसऱ्या दिवशी गोपालकाला. मान्यवर येतात, आश्वासनं देतात. त्यांच्या भाषणांबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

रात्रभराचा मांडव

गायकाचा वारसा खरा पाहायचा तर खंजिरी भजनस्पर्धेत बसावं. हिवाळ्यात अमरावती, यवतमाळ, वर्धा, अकोला, चंद्रपूर या जिल्ह्यांत गावोगाव त्या होतात. पत्रकावर महाराजांचा फोटो, खाली बक्षिसांची उतरंड. पुरुष गट, महिला गट, बाल गट. मंडळाला वेळ बांधून दिलेली असते. मुख्य गायक उभा राहतो किंवा गुडघ्यावर बसतो, मागे तबला, पेटी, टाळ, सहगायक. सगळ्यांचे गणवेश एकसारखे. उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट खंजिरीवादक, तबला, पेटी अशी वेगळी बक्षिसंही असतात. आणि श्रोत्यांपैकी कुणाला एखादं भजन आवडलं की तो नोट पाठवतो, आणि संयोजक त्याचं नाव माइकवर पुकारतो.

रात्री अकरानंतर स्पर्धेला रंग चढतो. खंजिरी डोक्यावर, पाठीमागे, गुडघ्यावर वाजते. बोटांची गती अशी की झांजा वेगळ्या ऐकू येत नाहीत. पोरंटोरं टाळ्या पिटतात. एका म्हाताऱ्या भजनी काकांनी शेजारी बसून कानाशी तक्रार केली, की हे सगळं वाजवणं झालं, म्हणणं राहिलं. त्यांचं खोटं नव्हतं. वेळ बांधलेली असल्याने मंडळं दोन कडव्यांमधलं बोलणं गाळतात, आणि तो तर या गाण्याचा अर्धा जीव. स्पर्धेने वादन वर नेलं आणि संवाद खाली आणला.

महिला गटात हे तितकंसं झालेलं नाही. त्या वेगासाठी झटत नाहीत, शब्द स्वच्छ टाकतात. दारूवरच्या भजनाच्या वेळी मांडवातल्या पुरुषांकडे थेट पाहतात. भजनाच्या निमित्ताने सुनेला संध्याकाळी घराबाहेर पडता येतं, पेटी शिकता येते, दुसऱ्या गावच्या मांडवात जाता येतं. महिलोन्नतीच्या अध्यायाचा हा परिणाम म्हणावा की सवलत, ते ठरवणं अवघड आहे. पण संध्याकाळी खंजिरी घेऊन निघालेल्या बायकांना गावात कुणी अडवत नाही.

गाण्यातलं बोलणं जिवंत ठेवलेला कलावंत म्हणून सत्यपाल महाराजांचं नाव घ्यावं लागतं. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे. एकाच वेळी सात खंजिऱ्या समोर मांडून ते कीर्तन करतात. भाषा ठसठशीत वऱ्हाडी. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची आत्महत्या, सगळं येतं आणि लोक हसता हसता गप्प होतात. सात खंजिऱ्या ही कसरत नक्कीच आहे. पण ती लोकांना थांबवण्यापुरती. थांबलेल्या माणसाला काय सांगायचं हे त्यांना ठाऊक आहे. तुकडोजींचा चिमटा आणि गाडगेबाबांचा उलटा प्रश्न, दोन्ही त्यांनी उचललं.

एक गोष्ट इथे नमूद केलीच पाहिजे. ज्या जिल्ह्यांत हे मांडव पडतात तेच जिल्हे शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखले गेले. भजनाने आत्महत्या थांबल्या नाहीत. कापसाचा भाव, कर्ज आणि कोरडवाहू जमीन यांच्यापुढे खंजिरी काय करणार? महाराजांच्या गाण्यात शेतकऱ्याला कष्ट, काटकसर आणि एकी यांचा उपदेश आहे, बाजाराची चौकशी त्या मानाने थोडी. त्यांच्या काळात गाव हे स्वतःच्या पायावर उभं राहू शकेल असं मानणं शक्य होतं. आज बियाण्याच्या पाकिटापासून सगळं बाहेरून येतं. या नव्या गावावर तितक्याच ताकदीची नवी भजनं लिहिणारे फार कमी. बहुतेक मंडळं जुनीच गातात. एखादा तरुण नवं रचतो, पण परीक्षकांना ते आवडेल की नाही या भीतीने स्पर्धेत म्हणत नाही.

स्पर्धांच्या संयोजकांनी बदलायला हवं ते इथे. एक फेरी नव्या रचनांसाठी ठेवावी, बोलण्याला वेगळे गुण द्यावेत. महाराजांनी स्वतः सिनेमाच्या चाली घ्यायला कमी केलं नाही, मग त्यांच्या नावाच्या मांडवात विम्याच्या हप्त्यावर भजन झालं तर बिघडलं कुठे?

वाचकांना एवढंच सुचवीन, की हे गाणं ऐकायचं तर पुण्यतिथीच्या गर्दीत जाऊ नका. दिवाळी उलटली की वऱ्हाडात एसटी स्टॅंडच्या भिंतींवर स्पर्धांची पत्रकं लागतात. जवळचं गाव निवडा, अंगावर घोंगडी घ्या, रात्री दहानंतर पोचा आणि महिला गट होईपर्यंत उठू नका. एखादं भजन आवडलं तर शंभराची नोट पाठवा. माइकवर तुमचं नाव चुकीचं पुकारतील, पण पैसे मंडळालाच जातात.